मल्या मासा आणि कर्नल साइक्स

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची आठवीची मुले आंबोलीच्या सहलीला गेली होती. हिरण्यकेशीच्या उगमाकडून परतताना वाटेत एका ओढ्यावर जेवण झाले आणि जेवणानंतर मुले पाण्यात उतरली. त्यातल्या एकाला खडकावर बोटभर लांबीचा, मातकट रंगाचा मासा दिसला. पाण्याला ओढ असूनही तो जागचा हलत नव्हता. मुलाने त्याला ओंजळीत घेतले तर तो तळहातालाच चिकटला. उलटा करून पाहिले तेव्हा तोंडाच्या मागे, हनुवटीच्या जागी, एक गोल चकती दिसली. तिनेच तो दगडाला धरून राहिला होता.

माशाचे नाव काय, असे मुलांनी विचारले. सोबतच्या शिक्षकांपैकी कोणालाही ते सांगता आले नाही. गाडीचा चालक आजऱ्याकडचा होता, त्याने सहज सांगितले, मल्या. मासा पाण्यात सोडून सगळे परत आले. शाळेत आल्यावर माशांवरचे एक पुस्तक उघडले तर त्याचे शास्त्रीय नाव निघाले गारा मल्या, आणि त्यापुढे कंसात साइक्स, १८३९.

आजऱ्याच्या चालकाच्या तोंडचे नाव लॅटिन नावांच्या पंक्तीत कसे जाऊन बसले, हा साइक्स कोण, आणि त्याचे नाव कंसात का, असे तीन प्रश्न मुलांनी आमच्यापुढे ठेवले. त्यांची उत्तरे शोधता शोधता एका माणसाचे चरित्रच हाती आले. पक्ष्यांच्या आणि माशांच्या अभ्यासकांना ते ठाऊक आहे, पण आपल्या भागातल्या शाळांत ते फारसे सांगितले जात नाही, म्हणून येथे देत आहोत.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म १७९० साली झाला. घराणे इंग्लंडातल्या यॉर्कशायरचे. १८०४ मध्ये, म्हणजे आपल्या आठवी-नववीच्या मुलांच्या वयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. दुसऱ्याच वर्षी भरतपूरच्या वेढ्यात त्यांनी लढाई पाहिली. फौजेत राहून मराठी आणि हिंदुस्थानी या भाषा त्यांनी शिकून घेतल्या. पुढे १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, त्यापाठोपाठ पुण्याची झाली, आणि पेशवाईचा शेवट ठरला. या दोन्ही लढायांत साइक्स होते, अर्थात कंपनीच्या बाजूने. ज्यांच्या तोफांनी शनिवारवाड्यावरचा भगवा उतरला त्यांच्यातला हा एक. आम्ही ते झाकून ठेवीत नाही. ज्याच्या हातून चांगले काम झाले त्याचे सगळेच आपल्याला रुचले पाहिजे, असे थोडेच आहे?

१८२० ते १८२४ ही चार वर्षे ते युरोपात होते. परत आले तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना एक निराळेच काम दिले. नव्याने हाती आलेल्या मुलखात माणसे किती, जमीन किती आणि कोणत्या हक्काने कसली जाते, पिके कोणती, पाऊस किती, बाजारभाव काय, याची कंपनीला नीट माहिती नव्हती. ती गोळा करण्यासाठी सांख्यिकी वार्ताहर अशी एक जागा काढण्यात आली आणि १८२४ च्या ऑक्टोबरात साइक्स तिच्यावर नेमले गेले. त्यांच्या पाहणीत पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरी होत्या. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो १८३६ मध्ये धारवाडातून वेगळा काढला गेला.

या नेमणुकीत सरकारला हवे होते ते आकडे. साइक्स यांनी ते दिलेच. पण घोड्यावरून गावोगाव हिंडताना त्यांची नजर आकड्यांपुरती राहिली नाही. बरोबर हवेचा दाब मोजणारे यंत्र होते. ठरावीक वेळांना ते वाचून लिहून ठेवण्याचा त्यांचा नेम होता. दख्खनच्या पठारावर हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास एकदा आणि रात्री तितक्याच वाजता पुन्हा तो वर असतो, हे त्यांनी नोंदींवरून दाखवले आणि १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. डोंगराची उंची काढण्याची त्यांची रीतही साधी होती. पाणी उकळायचे आणि त्यात तापमापी धरायची. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते. साधारण तीनशे मीटर चढले की एक अंश सेल्सियसने आधी. आपल्या प्रयोगशाळेत हे सूत्र मुले पाठ करतात. साइक्स यांनी साध्या तापमापीने त्यावर सह्याद्री मोजला. जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेखही त्यांनी उतरवून घेतले होते.

मुंग्यांची गोष्ट तर लहान मुलांनाही आवडेल. पुण्यात घरातल्या टेबलावर गोड पदार्थ ठेवले होते. मुंग्या येऊ नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले होते. आपल्या आज्या दुधाच्या फडताळाला करीत तेच. तरीही मोठ्या काळ्या मुंग्या पदार्थांवर हजर. टेबल भिंतीपासून थोडे दूर सरकवले तरी त्या थांबेनात. साइक्स लक्ष ठेवून बसले. तेव्हा दिसले की मुंगी भिंतीवर टेबलाहून वर चढते आणि तिथून अंग सोडून नेमकी खाली पडते. दुसऱ्या एका जातीच्या मुंग्या त्यांना कवायतीच्या मैदानाजवळ दिसल्या. पाऊस होऊन गेल्यावर वारुळाच्या तोंडाशी गवताच्या बियांचे मूठ-मूठभर ढीग पडलेले होते. भिजलेले बी मुंग्यांनी वाळवायला उन्हात काढले होते. मुंग्या धान्य साठवतात हे जुन्या ग्रंथांत लिहिलेले होते, पण उत्तर युरोपातल्या विद्वानांच्या अंगणातल्या मुंग्या तसे करीत नसल्यामुळे त्यांना ती दंतकथा वाटे. पुण्याच्या मैदानावर ती खरी ठरली. साइक्स यांनी या मुंगीला जे नाव दिले त्याचा अर्थ पुढची तरतूद करणारी असा होतो. प्रोव्हिडेन्स हे त्या नावातले पद आजही कायम आहे. १८३५ च्या सुमारास या मुंग्यांची वर्णने कीटकशास्त्राच्या सभेपुढे गेली.

आता माशांकडे येऊ, कारण मुलांचा प्रश्न तिथला आहे.

साइक्स यांच्या आधी फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवर मोठा ग्रंथ लिहिला होता. तो १८२२ मध्ये निघाला. पण सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून निघणाऱ्या नद्या, म्हणजे भीमा, घोड, इंद्रायणी, मुळा, मुठा, यांतल्या माशांचा अभ्यास त्या पद्धतीने कोणी केलेला नव्हता. मासे नव्हते असे नाही. भोई आणि कोळी पिढ्यान्‌पिढ्या ते धरीत होते. कोणता कोणत्या डोहात सापडतो, कोणता कधी वर चढतो, कोणाच्या अंगात काटे फार, हे सारे त्यांना माहीत होते. प्रत्येकाला नाव होते. मग नवी जात शोधली असे ज्याला म्हणतात ते नेमके काय?

हे जरा थांबून समजून घेण्यासारखे आहे. शास्त्रात जात नवी ठरते ती तिच्याविषयी कोणीतरी छापून लिहिल्यावर. तो प्राणी आधी ज्यांनी ज्यांनी पाहिला त्यांचे पाहणे मोजले जात नाही. लिहायचे ते असे, की तो प्राणी न पाहिलेल्या दुसऱ्या देशातल्या माणसालाही तो ओळखता यावा. माशाचे असेल तर कोणत्या पराला काटे किती, अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवर खवले किती, डोके अंगाच्या मानाने केवढे, मिशा किती, तोंड पुढे की खाली, हे मोजून लिहावे लागते. जवळच्या इतर जातींपासून तो कसा वेगळा, हे दाखवावे लागते. त्याला दोन पदांचे नाव द्यावे लागते, पहिले पद गणाचे आणि दुसरे जातीचे. आणि ज्या नमुन्यावरून हे लिहिले तो नमुना संग्रहालयात जपून ठेवावा लागतो. शंका आली तर कोणीही जाऊन तो पाहावा यासाठी. हा शेवटचा भाग त्या काळी आजच्याइतका सक्तीचा नव्हता, आणि त्याचे परिणाम पुढे झाले.

साइक्स यांनी नदीकाठी मुक्काम असताना ताजे मासे मिळवले, त्यांची मापे घेतली, चित्रे काढवली. मासा दारूत घातला की त्याचा रंग जातो, म्हणून ताज्या माशावरून चित्र करणे महत्त्वाचे होते. आणि नाव देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली, जिच्यासाठी आम्हां मराठी माणसांना त्यांचे चरित्र जवळचे वाटते. बहुतेक माशांच्या नावात त्यांनी भोयांच्या तोंडचे मराठी नाव जसे कानावर पडले तसे घातले.

म्हणून आज जगातल्या कोणत्याही मत्स्यसूचीत खुद्री, कोळस, मल्या, मुरे, नुक्ता, बोगट, कावरस, फुलुंगी, बळूकी, कुतर्नी, ताकरी, गुंगवारी ही पदे सापडतात. स्पेलिंग अर्थातच इंग्रजी कानाचे. दख्खन हा शब्दसुद्धा साइक्स असा लिहीत की वाचणाऱ्याने दुखून म्हणावे. तेव्हा मूळ उच्चार काय असेल हे काही नावांत ताडूनच घ्यावे लागते. एका माशाचे नाव पोटेल आहे. त्या काळचे काही इंग्रज अधिकारी गावच्या पाटलाचे स्पेलिंग याच अक्षरांनी करीत, तेव्हा हा मासा पाटील असावा असे आम्हांस वाटते. नदीतही पाटीलकी असायची तर असो. नुक्ता हा तोंडापुढे शिंगासारखा उंचवटा असलेला, कृष्णेच्या खोऱ्यातला मासा आहे. मुरे हा ओढ्यांच्या वाळूत राहणारा छोटा मासा.

सगळीच नावे मराठी नाहीत. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेतल्या विगर्स, ओगिल्बी, यॅरेल अशा स्नेह्यांची नावेही त्यांनी काही माशांना दिली. मुळा-मुठेतल्या एका मिशाळ, भल्या मोठ्या माशाला यॅरेल यांचे नाव मिळाले आहे. पक्ष्यांच्या बाबतीतही त्यांचे असेच मिश्र धोरण दिसते. १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी त्यांनी प्रसिद्ध केली, तीत एका चंडोलाला देवा हे पद दिले, एका वटवट्याला रामा, एका रातव्याला मराठ्यांच्या मुलखावरून महारत्तेन्सिस, आणि मोठ्या करड्या सातभाईला गव्हर्नर माल्कम यांचे नाव. माल्कमसाहेबांना दिवसभर कलकलाट करणारा पक्षी का दिला हे कळायला मार्ग नाही.

भोयांनी आपल्या जाळ्यातले मासे दाखवले, नावे सांगितली. माशांची नावे राहिली. सांगणाऱ्यांची राहिली नाहीत. त्या काळच्या ग्रंथांची ती सर्वसाधारण रीत होती हे खरे, पण वाचताना ती उणीव जाणवते.

१८२९ च्या अखेरीस सरकारने काटकसरीसाठी साइक्स यांची जागाच काढून टाकली. काम अर्धे राहिले होते. त्यांनी ते पगाराशिवाय चालू ठेवले आणि १८३१ च्या आरंभी पुरे करून ते रजेवर विलायतेस गेले. परत भारतात नोकरीसाठी आले नाहीत. कागदांच्या पेट्या बरोबर होत्या. पुढची दहा वर्षे त्यांतून एकेक निबंध निघत राहिला, सस्तन प्राण्यांवर, पक्ष्यांवर, रानटी रेशमाच्या किड्यावर, मुंग्यांवर, हवामानावर, जमिनीच्या हक्कांवर, चार कलेक्टरींच्या आकड्यांवर. माशांचा सारांश १८३९ मध्ये छापला गेला आणि चित्रांसह पूर्ण निबंध १८४१ मध्ये आला. त्यात चाळीसहून अधिक माशांची माहिती होती. म्हणजे नदीकाठी मापे घेतल्यापासून छापून येईपर्यंत दहा-बारा वर्षे गेली. मल्याच्या नावापुढचे १८३९ ते हेच.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण ते दरबारी आहे. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये सांख्यिकी संस्था निघाली, तिच्या उभारणीत ते होते आणि १८६३ ते १८६५ तिचे अध्यक्ष होते. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक आणि १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. १८५७ पासून अखेरपर्यंत अ‍ॅबरडीनचे प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात बसले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ब्याऐंशी वर्षांचे आयुष्य. त्यातली नदीकाठची वर्षे जेमतेम सहा.

मुलांचा तिसरा प्रश्न कंसाचा होता. प्राण्याच्या नावापुढे ज्याने पहिले वर्णन केले त्याचे नाव आणि वर्ष लिहितात. त्याने जातीला ज्या गणात ठेवले होते त्याच गणात ती आजही असेल तर कंस नाही. नंतरच्या अभ्यासकांनी गण बदलला असेल तर कंस घालतात. साइक्स यांनी मल्याला कोन्ड्रोस्टोमा या गणात घातले होते. हे युरोपातल्या नद्यांतले, दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारे मासे. मल्याही शेवाळ खरवडतो, तेव्हा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. पण हनुवटीवर चकती असलेल्या माशांसाठी हॅमिल्टन यांनी १८२२ मध्येच गारा हा गण केला होता, आणि मल्याची जागा तिथे होती. आमच्या मुलाच्या तळहाताला जी चिकटली ती चकतीच त्याची ओळख.

साइक्स यांच्या बऱ्याच माशांना आज असा कंस लागतो. गण चुकणे ही मोठी चूक नव्हे, ती दुरुस्त होते. खरी अडचण निराळी झाली. त्यांची कित्येक वर्णने आजच्या मानाने फार आखूड आहेत आणि ज्या माशांवरून ती लिहिली ते मूळ नमुने आज कोणत्याही संग्रहालयात असल्याचे माहीत नाही. अभ्यासकांच्या हाती उरले ते काही ओळी आणि एखादे चित्र. त्यावरून हा मासा तोच का, हे ठरवताना नंतरच्या लोकांचे हाल झाले. यातली एक हकीकत आपल्या राज्याशी थेट जोडलेली आहे, म्हणून ती विस्ताराने सांगतो.

साइक्स यांनी शिरूरजवळच्या घोड नदीतल्या एका मोठ्या माशाला मसुल्ला असे नाव दिले, आणि पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतल्या दुसऱ्या मोठ्या माशाला खुद्री. खुद्री म्हणजे आपल्याकडचा महसीर. मसुल्ला कोणता हे मात्र नीट उमगेना. विसाव्या शतकात तो पाठीवर उंचवटा असलेला महसीर असावा असे मानले गेले आणि कावेरीतल्या प्रचंड, कुबडवाल्या महसीराला बरीच वर्षे मसुल्लाच म्हणत राहिले. कोडगू ते म्हैसूर या पट्ट्यातला हा मासा गळ टाकून मासेमारी करणाऱ्यांत जगभर प्रसिद्ध होता.

दरम्यान पुणे जिल्ह्यात खुद्रीची संख्या घटू लागली होती. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महसीराची अंडी कृत्रिम रीतीने उबवण्याचे केंद्र सुरू केले. तिथले काम चांगले झाले, लाखोंनी पिल्ले तयार झाली आणि ती निरनिराळ्या राज्यांना दिली गेली. त्यांतली कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता, महसीर कमी झाले आहेत तर महसीर सोडावेत. पण कावेरीतला महसीर हा खुद्री नव्हता. भीमेच्या खोऱ्यातला पाहुणा तिथे फोफावला आणि मूळचा कुबडवाला मासा दिसेनासा होत गेला.

त्याला वाचवायचे तर आधी तो कोण हे ठरायला हवे होते. साइक्स यांचा मसुल्ला हा महसीर नसून दुसऱ्याच गणातला, कृष्णेच्या खोऱ्यातला मासा आहे, हे तोवर उमगू लागले होते. म्हणजे कावेरीच्या महसीराला स्वतःचे असे नावच नव्हते. संरक्षणाच्या याद्या जातीच्या नावाने होतात. नावच नसेल तर यादीत घालणार काय? अखेर २०१८ मध्ये दाखवून देण्यात आले की केरळातल्या पांबार या कावेरीच्या उपनदीतून २०११ मध्ये रेमादेवी या नावाने वर्णन झालेला महसीर आणि हा कुबडवाला एकच. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद अत्यंत संकटग्रस्त म्हणून झाली.

याचा दोष साइक्स यांच्यावर टाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्यांनी मसुल्ला म्हटला तो मसुल्लाच होता. चूक झाली ती त्यांच्या ओळींवरून अंदाज बांधणाऱ्यांची. पण एक नमुना बाटलीत भरून जपला गेला असता तर अंदाज बांधावे लागले नसते, हेही तितकेच खरे. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या गेल्या काही वर्षांत गळून पडल्या आहेत. हा लेख लिहिताना त्यांची आठवण आम्हांला फार सुखावह झाली नाही. विश्वस्त मंडळींनीही याकडे लक्ष द्यावे, ही विनंती.

मुलांना असेही वाटले की आता सगळे शोधून झाले असेल. तसे नाही. ज्या हिरण्यकेशीच्या उगमाशी मुले जाऊन आली, तिथल्याच मंदिराच्या कुंडातून २०२० मध्ये माशाची एक नवी जात वर्णन झाली. तिला हिरण्यकेशी हेच नाव मिळाले आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कुंडात हात-पाय धुणाऱ्या हजारो भाविकांच्या पायांजवळून तो मासा इतकी वर्षे फिरत होता. तीच हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करीत संकेश्वरावरून घटप्रभेला मिळते, म्हणजे आपल्या शेजारून जाते.

आणि मासेच कशाला? आंबोलीशेजारच्या चौकुळ गावावरून चतुराच्या एका नव्या जातीला चौकुळेन्सिस हे नाव मिळाले, ते २०२२ मध्ये. साताऱ्याच्या ठोसेघरची टाचणी २०२१ मध्ये. चतुर आणि टाचण्या या किड्यांचे बालपण पाण्यात जाते. पिल्लू ओढ्याच्या तळाशी दगडाआड राहते, कात टाकत वाढते, आणि एके दिवशी गवताच्या काडीवर चढून त्यातून पंखांचा चतुर बाहेर पडतो. ठोसेघरची टाचणी तर लोकांनी आधीही पाहिलेली होती, पण दक्षिणेकडच्या एका जुन्या जातीतलीच म्हणून सोडून दिली होती. नरांचे बारीक अवयव आणि अंगावरचे रंग शेजारी ठेवून तपासले तेव्हा फरक कळला. मोजण्याची साधने बदलली, सूक्ष्मदर्शक आले, आता पेशीतला डीएनए वाचतात. मात्र काम साइक्स करीत होते तेच आहे. हाती धरायचे, मोजायचे, शेजारच्याशी ताडून पाहायचे आणि लिहायचे. नमुना आता जपून ठेवतात.

साइक्स ज्या मुळा-मुठेच्या काठी बसले, तिच्यात पुण्याच्या खाली आज सांडपाणी वाहते. त्यांनी लिहून ठेवलेले मासे तिथे शोधायचे तर वर धरणांच्या माथ्याकडे जावे लागते. आपल्या दूधगंगेत, वेदगंगेत, कृष्णेत त्यांतले किती उरले आहेत याची मोजदाद आपल्यापैकी कोणी केलेली नाही. सदलगा, यडूर या बाजूची काही मुले आमच्या शाळेत आहेत आणि त्यांच्यातल्या काहींच्या घरी आजही जाळे आहे. त्यांच्या आजोबांना मल्याचे नाव सांगावे लागणार नाही. शिवाय आपल्या भागातल्या नदीकाठी प्रत्येक माशाला दोन नावे असतात, एक मराठी आणि एक कन्नड. साइक्स यांच्या हाती बहुधा एकच लागले.

तेव्हा या उन्हाळ्याच्या सुटीत ज्यांना जमेल त्यांनी आपल्या घरच्या किंवा शेजारच्या मासेमाराकडून माशांची नावे विचारून आणावीत. नदीचे नाव, गावाचे नाव, माशाचे मराठी नाव, कन्नड नाव, आणि तो कसा ओळखावा याच्या दोन ओळी. सांगणाऱ्याचे नावही त्यांच्या परवानगीने लिहावे, ते विसरू नये. मासा धरून आणू नये. वही जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावी.